धावता धावता बंद पडणारी जुनी गाडी

किक मारून पाय भरून आला तरी सुरू न होणारी गाडी दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. बिघाड समोर हजर असतो, गाडी सावलीत उभी असते आणि शोधायला हवा तेवढा वेळ असतो. खरा कस लागतो तो दुसऱ्या प्रकारच्या गाडीशी. सकाळी एका किकमध्ये सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे झकास पळते आणि मग दौलताबादच्या चढावर किंवा जालना रोडच्या सिग्नलला एकाएकी गप्प होते. थोडे थांबले की पुन्हा सुरू. कशीबशी गॅरेजपर्यंत आणावी, तर तिथे ती शहाण्यासारखी टकटक करत उभी राहते. मग प्लग बदलला जातो, कार्बोरेटर धुतला जातो, बिल होते आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा तशीच रस्त्याच्या कडेला.

छत्रपती संभाजीनगरात अशा गाड्या सांभाळणारे पुष्कळ आहेत. हे शहरच दुचाकीवर वाढलेले. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी कावासाकी बजाजची केबी १०० बाजारात आली आणि १९९१ मध्ये फोर एस चॅम्पियन. त्याआधीपासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या इथल्या रस्त्यांवर होत्या. १९७३ पासून त्यांच्या टाकीवर येझदीचे नाव आले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पोलिश एसएचएलच्या बांधणीवरून घडलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १००, या गाड्या आज वडिलांची आठवण म्हणून, हौस म्हणून, काही घरांत रोजच्या वापरासाठीही टिकून आहेत. त्यांच्यात संगणक नाही, सेन्सर नाही, चूक दाखवणारा दिवा नाही. पेट्रोल वजनाने खाली उतरते, बहुतेकांत ठिणगी पॉइंट उघडल्यावर पडते, हवा फिल्टरमधून येते. इतक्या थोड्या गोष्टींत बिघाड लपून राहतो, कारण आपण तो चुकीच्या वेळी शोधतो.

माझे ठाम मत असे आहे की धावताना बंद पडणाऱ्या गाडीचा पुरावा बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच असतो. इंजिन गार झाले की कॉइल पुन्हा चालू लागते, टाकीत हवा शिरते, फ्लोटची वाटी भरते आणि बिघाड स्वतःच्या खुणा पुसून टाकतो. म्हणून गाडी बंद पडली की दहा-वीस किका मारत बसू नका आणि चहाच्या टपरीकडेही वळू नका. गाडी रस्त्याच्या डावीकडे पूर्ण बाहेर घ्या; घाटात असाल तर वळण सोडून सरळ भाग दिसेपर्यंत ढकला, कारण या गाड्यांना धोक्याचे लुकलुकणारे दिवे नसतात. आणि मग लगेच तपासायला लागा.

त्याच्याही आधी एक काम आहे, ते गाडी बंद पडत असतानाच करायचे. ती कशी बंद पडते, याकडे कान आणि मनगट लावून लक्ष द्या. बटण दाबून दिवा घालवावा तशी एका क्षणात गेली, तर संशय विजेवर. आधी दम कमी झाला, रेस दिली तर उलट गुदमरली, रेस कमी केल्यावर थोडी सावरली, दोन-तीनशे मीटर रखडत आली आणि मग थांबली, तर पेट्रोल पोचत नाही. वेग आपोआप उतरू लागला, इंजिनाचा आवाज कोरडा, खणखणीत झाला आणि मागच्या चाकाला कुणी धरल्यासारखे वाटले, तर इंजिन तापून पिस्टन धरत आहे. हा तिसरा प्रकार जाणवताच इतर काही विचार न करता क्लच दाबा. टू-स्ट्रोक गाडीचा पिस्टन पूर्ण जाम झाला तर मागचे चाक अडते आणि गाडी आडवी होते. जुन्या येझदी किंवा राजदूतवर लांबच्या रस्त्याला डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवायची सवय म्हणूनच चांगली.

आता त्या पाच मिनिटांकडे. बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या गाडीत पहिली चाचणी हॉर्नची. किल्ली चालूच आहे, हॉर्न दाबा. हॉर्नही मुका असेल तर कॉइल-पॉइंटपर्यंत जायचीच गरज नाही. बॅटरीचे टर्मिनल, काचेचा फ्यूज किंवा किल्लीचा स्विच यांपैकी कुठेतरी संपर्क तुटला आहे. जुन्या बुलेटच्या हेडलॅम्पवर ॲमीटर असतो, तो तर आयता तपासनीस. लाइट बंद ठेवा, किल्ली चालू करा आणि किक हाताने सावकाश खाली दाबत काट्याकडे पाहा. पॉइंट मिटतात तेव्हा काटा वजाकडे झुकतो, उघडतात तेव्हा शून्यावर परत येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा प्रवाह ठीक आहे. तो वजालाच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी तार फ्रेमला टेकली आहे. मुळीच हलला नाही, तर प्रवाह पॉइंटपर्यंत येतच नाही किंवा पॉइंट मिटूनही जोडले जात नाहीत.

दुसरी चाचणी टाकीच्या झाकणाची. झाकण सावकाश फिरवा आणि कान जवळ ठेवा. आत हवा ओढली जाण्याचा सुस्कारा आला तर निदान जवळजवळ झाले. झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असते. धूळ, गंज, टाकी रंगवताना उडालेला रंग किंवा बाजारातले नवे आंधळे झाकण यांनी ते बुजते. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल अडखळत गळते आणि दुसरे भोक पाडले की धार लागते, तेच इथे घडते. टाकी भरलेली असताना गाडी बराच वेळ चालते, कारण पेट्रोलचे वजन भरपूर असते. पातळी उतरत जाते तसे हे वजन घटते आणि आतल्या ओढीपुढे पेट्रोल थांबते. थोडा वेळ उभे राहिले की झाकणाच्या फटीतून हवा मुरते आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. या एका छिद्रापायी कॉइल, कंडेन्सर, अगदी पिस्टनसुद्धा बदलून बसलेले लोक मी पाहिले आहेत. छिद्र बारीक तारेने मोकळे करा आणि झाकणाखालचा नवा गॅस्केट त्यावर बसत नाही ना, हेही बघा.

तिसरी चाचणी ठिणगीची, गॅरेजच्या भाषेत ‘करंट’ची. गरम इंजिनातला प्लग काढण्याची घाई करू नका. हात तर भाजतोच, पण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना सहज खराब होतात. खिशात एक चांगला, तपासलेला जादा प्लग असू द्या. कॅप काढून त्यात तो प्लग घाला, प्लगचे धातूचे अंग सिलिंडरच्या पंखांना घट्ट टेकवा आणि किक मारा. जागा सावलीची हवी. उन्हात ठिणगी असूनही दिसत नाही. सांडलेल्या पेट्रोलपासून आणि ओव्हर झालेल्या, म्हणजे पेट्रोल ओसंडणाऱ्या कार्बोरेटरपासून हात लांबच ठेवा. जाड, निळसर ठिणगी कडकडत पडली तर वीज निर्दोष आहे, मात्र बसवलेला प्लग अजून संशयित आहे. टू-स्ट्रोकमध्ये कार्बनचा एखादा बारीक कण प्लगच्या दोन टोकांमध्ये पुलासारखा अडकतो आणि गाडी क्षणात बंद होते. इंजिन थोडे निवले की प्लग बदलून बघा. ठिणगी पिवळी, बारीक, मधूनच चुकणारी असेल किंवा मुळीच नसेल, तर पुढचा तपास पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलचा.

करंट ठीक असेल तर पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. इथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने लिटरला २५ किलोमीटर देणारी गाडी तासाला २.४ लिटर, म्हणजे मिनिटाला ४० मिलिलिटर पेट्रोल पिते. चढावर पूर्ण रेसमध्ये ही भूक दुप्पट धरा. तेव्हा मिनिटाभरात बाटलीत किमान २०० मिलिलिटर सहज आले पाहिजे आणि धार शेवटपर्यंत एकसारखी राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन मग ठिबकू लागली तर दोष कॉकच्या जाळीत, टाकीतल्या गंजात किंवा झाकणात. म्हणून हीच चाचणी एकदा झाकण लावून आणि एकदा काढून करा. बाटली काचेची नको, आणि इंजिनावर थेंब पडू देऊ नका.

फिल्टरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण बिघाड दूर करण्याच्या नादात बसवलेला फिल्टरच पुष्कळदा बिघाड होऊन बसतो. दुकानात मिळणारे बरेच फिल्टर ज्यांत इंधन पंपाने ढकलले जाते अशा गाड्यांसाठी असतात. त्यांचा कागद इतका दाट असतो की नुसत्या वजनाने उतरणारे पेट्रोल त्यातून पुरेसे जात नाही. फिल्टर आडवा बसला तर त्यात हवेचा फुगा अडकतो, सिलिंडरला खेटून बसला तर उन्हाळ्यात आतले पेट्रोल उकळायला लागते. उभी जागा, आखूड नळी, इंजिनापासून अंतर आणि विरळ जाळीचा फिल्टर, एवढे सांभाळावे. टाकीत गंज असेल तर फिल्टर हा इलाजच नव्हे. टाकी उतरवून, आत नट-बोल्ट टाकून खडखडून, गंज उतरवणाऱ्या द्रावणाने धुऊन पूर्ण सुकवावी लागते. यात आळस केला तर बाकी सारी मेहनत वाया जाते.

धार उत्तम आहे आणि तरीही गाडी पेट्रोलवाचून गुदमरते, असेही होते. अशा वेळी कार्बोरेटर उघडा. फ्लोटच्या वाटीच्या तळाशी तांबूस चिखल किंवा पाण्याचे मणी दिसतात का? मेन जेटचे छिद्र उजेडाकडे धरून पूर्ण गोल दिसते का? जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असते, छिद्र रुंदावते आणि पुढे त्या गाडीचे सेटिंग कधीच जमत नाही. हवेच्या झोताने किंवा कार्बोरेटर क्लीनरने काम होते. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले असेल तर तो जड होतो आणि कार्बोरेटर ओव्हर होतो. कानाशी धरून हलवला की आत खळखळ ऐकू येते.

इथपर्यंतच्या गोष्टी बहुतेकांना ऐकून माहीत असतात. पण गेल्या काही वर्षांत खुद्द पेट्रोलच बदलले आहे, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी ते मनावर घ्यायला हवे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास मिळू लागले. आपल्या मराठवाड्यातल्या उसापासूनही हे इथेनॉल बनते, त्यामागचा शेतकऱ्याचा हिशेब मला मान्य आहे. पण जावा, राजदूत, बुलेट घडल्या त्या काळी हे इंधन कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. इथेनॉल जळताना साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण नव्या इंधनावर हवेला जास्त आणि इंधनाला कमी ठरते. गाडी गरम चालते, पिकअप मरतो, चढावर फटाके मारते. मेन जेट एक नंबर मोठा लावणे किंवा नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल वर उचलणे, हा त्यावरचा साधा उपाय. जुने रबर, नळ्या आणि कॉकचे बुचाचे वायसर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचा चुरा जेटमध्ये जातो. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि ओल फार झाली की पाण्या-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. रिझर्व्हला लावल्याबरोबर गाडी बंद पडते ती अनेकदा यामुळे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला आंतरराष्ट्रीय दिवस साजरा करतात. तो येतो ऐन पावसाळ्यात. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी त्या सकाळी थेट रस्त्यावर काढू नका. आठवडाभर आधी टाकी आणि वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवणे उत्तम.

आता वीज. संभाजीनगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला क्रांती चौक ते सिडको या टप्प्यातले सिग्नल फार जड जातात. हवेची हालचाल थांबली की इंजिनालगतचा कंडेन्सर भाजून निघतो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये जाळ होऊ न देणे हे कंडेन्सरचे काम. तो तापून निकामी झाला की पॉइंटवर पिवळा-निळा जाळ उठतो, ठिणगी मरते आणि गाडी बंद. निवला की परत चालू. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला की कंडेन्सरकडे बोट दाखवायला हरकत नाही. बाजारातले आजचे सुटे कंडेन्सर बेभरवशाचे असतात. नवा म्हणून तो निर्दोष आहे असे धरू नका. तो इंजिनाच्या कुशीतून काढून वायर लांबवून टाकीखाली, वारा लागेल अशा जागी फ्रेमला पक्के अर्थिंग देऊन बसवला, तर उन्हाळ्यातला त्रास पुष्कळ कमी होतो. येझदी-जावासाठी हा उपाय मी कुणालाही बिनदिक्कत सांगेन.

कॉइलचा बिघाड असाच, फक्त अधिक फसवा. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली असते. थंड असताना तार टेकलेली राहते, तापली की फुगून सुटते. मल्टीमीटरने थंड कॉइल मोजली तर आकडे अगदी बरोबर येतात, त्यामुळे गॅरेजमध्ये ती निर्दोष सुटते. गाडी बंद पडल्यावर कॉइलला हात लावून पाहा. नेहमीपेक्षा फार तापली असेल आणि ठिणगी गेली असेल, तर ओला फडका तिच्या बाहेरच्या अंगावर ठेवून निववा. दोन मिनिटांत ठिणगी परत आली की गुन्हेगार सापडला. खात्रीसाठी दुसऱ्या चालत्या गाडीची कॉइल तात्पुरती लावून तेवढाच प्रवास करा.

पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा शेवटचा माना. कॅमवर घासणारा फायबरचा खूर झिजतो तसे हे अंतर कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते, इंजिन तापते आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत. कॅमवर ग्रीसचा इवलासा ठिपका ठेवला तर ही झीज फार हळू होते. जास्त ग्रीस मात्र उडून पॉइंटवरच बसते. पॉइंट पॉलिश पेपरने घासल्यावर त्यांच्यामधून स्वच्छ जाड कागद फिरवून कण काढून टाका, नाहीतर घासल्यानंतरच गाडी मिस मारते.

वायरिंगचे दोष खड्ड्यांत आणि वळणावर उघडे पडतात. गाडी स्टँडवर लावून सुरू ठेवा आणि हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा. किल्ली हलकेच हलवा. हेडलॅम्पमागचा वायरींचा गुच्छ बोटांनी दाबा. कुठे इंजिनाचा सूर तुटला तर तीच जागा. तरीही संशय फिटला नाही तर बॅटरीपासून कॉइलपर्यंत फ्यूज घातलेली वेगळी वायर तात्पुरती जोडून फेरी मारा. या फेरीत गाडी बंद पडली नाही, तर किल्लीचा स्विच किंवा जुनी वायर दोषी. मात्र काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक फ्रेमला जोडलेले असते, म्हणून कोणते टोक अर्थ आहे ते आधी नीट पाहूनच वायर जोडा. आणि किल्ली फिरवून अशी गाडी बंद होणार नाही, थांबल्यावर ती वायर हाताने काढावी लागते, हेही लक्षात असू द्या.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही गरम झाल्यावरच बंद पडते, अशा बुलेटमध्ये टॅपेट बघा. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला बसवतात. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. ते जास्त आवळले गेले तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि किक अगदी हलकी लागते. म्हणून बंद पडल्याक्षणी किकचा जोर पायाने जोखायला शिका. टू-स्ट्रोकमध्ये हाच संशय क्रँकच्या ऑइल सीलवर जातो. डायनामोच्या बाजूचे सील फाटले की तिथून हवा ओढली जाते, रेस आपोआप चढते आणि मग गाडी विझते. क्लचच्या बाजूचे फाटले की गिअरचे ऑइल जळून पांढरा धूर येतो. कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा गळते का, हे बघायला गाडी सुरू ठेवून त्या जोडावर साबणपाण्याचा हलका फवारा मारा. सूर बदलला तर गळती आहे. बोल्ट फार आवळून कार्बोरेटरची पाळ वाकलेली असते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासली की काम होते.

ऑइल-पेट्रोलच्या प्रमाणात काटकसर करू नका. येझदी-राजदूतसाठी चांगल्या टू-टी ऑइलचे लिटरला ४० मिलिलिटर हे प्रमाण बरेच लोक वापरतात आणि ते सुरक्षित बाजूचे आहे. खुलदाबादहून दौलताबादकडे उतरताना रेस पूर्ण बंद ठेवून गिअरवर घरंगळत येणे या गाड्यांना घातक असते, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल थांबले की वंगणही थांबते. अधूनमधून क्लच दाबून रेस द्या.

दुरुस्तीनंतरची चाचणीही विचार करून घ्यावी. समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई आहे, तिकडे जायचा प्रश्नच नाही. शहरातून दौलताबाद, तिथून घाट चढून खुलदाबाद आणि पुढे वेरूळ, हा साधारण ३० किलोमीटरचा रस्ता या कामासाठी उत्तम आहे. आधी सपाट रस्ता, मग किल्ल्याजवळच्या जुन्या वेशीपाशी खोळंबणारी वाहने, मग चढ. पेट्रोल, गरमी आणि वायरिंग तिन्हींचीही परीक्षा होते. दर फेरीला एकच गोष्ट बदला. प्लग, कंडेन्सर आणि जेट एकाच वेळी बदलले आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कळत नाही. बिघडली तर मागे फिरायची वाटही राहत नाही. कोणत्या तारखेला काय बदलले, टाकीत किती पेट्रोल होते, बंद पडण्याआधी किती किलोमीटर चालली, हे वहीत लिहा. अर्ध्या टाकीलाच बंद पडणारी गाडी आणि अर्ध्या तासानेच बंद पडणारी गाडी यांतला फरक त्या वहीतच दिसतो. सामानात जादा प्लग आणि प्लग पाना, कंडेन्सर, फिलर गेज, पॉलिश पेपर, हातभर वायर, नळीचा तुकडा आणि टॉर्च एवढे पुरते.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून गाडी भंगारात देण्याची पाळी या शहरात तरी येऊ नये. वाळूज, चिकलठाणा, रेल्वे स्टेशनजवळची एमआयडीसी इथे वाहनांचे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कार्यशाळा आहेत. पितळी बुश, कॉकची चावी, वाकलेली पाळ, बोअरिंग-होनिंग हे इथल्या लेथवाल्यांचे रोजचे काम आहे. जुना नमुना आणि नेमके माप घेऊन जा. ज्याची गाडी पन्नाशी ओलांडून गेली आहे आणि मूळ रूपात आहे, त्या मालकाने जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाचीही माहिती घ्यावी. अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मग ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही, तेव्हा काही कापण्या-जोडण्याआधी हे ठरवा.

आणि कुणी मिस्तरी गाडी नुसती पाहून ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हणाला, तर त्याला हो म्हणू नका. त्याला मागे बसवून घाटापर्यंत न्या, गाडी बंद पडू द्या आणि तिथे ठिणगी, पेट्रोलची धार आणि किकचा जोर या तीन गोष्टी त्याच्यासमोर तपासा. त्या तिन्ही तपासून झाल्याशिवाय इंजिनाच्या एकाही बोल्टला पाना लावू देऊ नका.